छातीवर बसणारं भूत आणि बाबांशी राहिलेलं बोलणं

प्रश्न: ताई, मी चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये आहे. नाईट करून सकाळी झोपलो की मध्येच जाग येते पण हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही आणि छातीवर कुणीतरी काळं बसलेलं दिसतं. बाबा वारले तेव्हा आमचा अबोला होता, दहाव्याला कावळापण लवकर शिवला नाही. आई म्हणते त्यांचा जीव तुझ्यात अडकलाय, देवऋषीकडे जाऊ. काय करू?

उत्तर: आधी छातीवरच्याचं बोलू. ह्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू बंद ठेवतो, कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू मागेच राहतात, स्वप्नही अर्धं चालू असतं म्हणून ते उघड्या डोळ्यांना खोलीत दिसतं. श्वास चालूच असतो पण मुद्दाम खोल घ्यायला गेलं की छातीचे स्नायू साथ देत नाहीत, तोच तो दाब. जपानमध्ये ह्याला कानाशिबारी म्हणतात, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हणतात छातीवर म्हातारी बसते, आणि त्या सगळ्यांचा कुणाशी अबोला असतोच असं नाही. झोप अपुरी, शिफ्ट सारखी बदलती, उताणं झोपणं, ह्यानं ते वाढतं. कुशीवर झोपा, खोलीत अंधार करा, आणि झालंच तर धडपड न करता फक्त पायाचं एक बोट हलवायला बघा, एकदोन मिनिटांत सुटतं. दिवसा आवरता न येणारी झोप येत असेल किंवा हसताना गुडघ्यातलं बळ जात असेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

बाबांचं मात्र वेगळं आहे हो, ते झोप सुधारली तरी जाणार नाही. ती काळी आकृती म्हणजे बाबांनी दिलेली शिक्षा असं तुम्ही मनाशी धरून बसलायत असं मला वाटतं, कारण कावळ्याचं तुम्ही न विचारता लिहिलंत. घाटावर एवढे पिंड मांडलेले असतात, पोट भरलेला कावळा तुमच्या पिंडाला उशिरा शिवतो, त्यात बाबांचा राग कुठे आला? अबोला कशावरून झाला होता आणि तुम्हाला त्यांना काय सांगायचं होतं ते आईजवळ बोला, अगदी रडू आलं तरी. जीव अडकलाय म्हणते ना, तिचाही अडकलाय हो. तिला रागावू नका. पण भूत उतरवायच्या नावाखाली कुणी मारलं, बांधलं, मिरचीची धुरी दिली तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे, हे तिला नीट समजावून सांगा. आणि घरात बोलणं जमेना तर टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, नाईटवरून आल्यावरसुद्धा लागतो.