अँथनी-डग्लस यांची मैत्री खरी, आणि फूटही खरी

प्रश्न असा आहे: 'अमेरिकेत स्त्रियांच्या हक्कांची आणि कृष्णवर्णीयांच्या समतेची लढाई एकत्र लढली गेली, असं आपण शिकतो. पण हल्ली वाचनात येतं की बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन अँथनी वगैरे मंडळी वंशद्वेषी होती. नक्की खरं काय?'

दोन्ही खरं आहे. कोण चांगलं, कोण वाईट यापेक्षा मला वाटतं 'मताचा हक्क आधी कोणाला' या एका प्रश्नावर सगळं कसं फिसकटलं ते बघावं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी चार वर्षं न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला राहिले. तिथे अँथनींच्या घराजवळच्या छोट्या बागेत एक ब्राँझचं शिल्प आहे. सुझन अँथनी आणि कृष्णवर्णीयांचे नेते फ्रेडरिक डग्लस समोरासमोर बसून चहा घेताहेत. मधे टेबल, किटली, दोन कप. माझी मुलगी तेव्हा लहान होती, अँथनीबाईंच्या मांडीवर चढून बसायची. दोघांच्या कबरीही त्याच गावात, माउंट होप दफनभूमीत. गुलामीतून पळून आलेल्या डग्लस यांनी १८४७ मध्ये याच गावातून 'नॉर्थ स्टार' हे पत्र सुरू केलं. हक्क स्त्री-पुरुष बघत नाही आणि सत्याला रंग नसतो, अशा अर्थाचं त्याचं ब्रीद होतं. तेव्हा ही मैत्री कोणी मागाहून रचलेली गोष्ट नव्हे.

तिथून गाडीने तासाभरावर सेनेका फॉल्स. १९ आणि २० जुलै १८४८ ला तिथल्या वेस्लियन चॅपलमध्ये स्त्री-हक्कांची पहिली परिषद भरली. (या वास्तूत पुढे सिनेमागृह, गॅरेज, लाँड्री असं काय काय होऊन गेलं. अमेरिकेतही हेच चालतं, हे बघून मला उगाच बरं वाटलं.) एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी मतदानाच्या हक्काचा ठराव मांडला, तेव्हा त्यांच्याच जवळच्या ल्युक्रेशिया मॉट यांना 'आपलं हसं होईल' अशी धास्ती होती. डग्लस उभे राहून ठरावाच्या बाजूने बोलले आणि तो थोडक्यात तरला. जाहीरनाम्यावर ६८ बायका आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या, त्यात डग्लस यांचीही होती. कृष्णवर्णीय बाई मात्र त्या सभेत एकही असल्याची नोंद नाही.

ही उणीव नीट कळते ती १८६६ साली. यादवी युद्ध संपलं होतं, गुलामगिरी कायद्याने गेली होती, आणि आता मताचा हक्क सगळ्यांना एकदमच मागू, असं न्यूयॉर्कच्या परिषदेत ठरत होतं. तिथे फ्रान्सिस हार्पर बोलायला उभ्या राहिल्या. कृष्णवर्णीय, कवयित्री, नुकत्याच विधवा झालेल्या. त्या शेतकऱ्याची बायको, लोणी काढून कोलंबस शहराच्या बाजारात विकत. नवरा कर्ज ठेवून गेला. तीन महिने झाले नाहीत तोच वसुलीवाल्याने दुधाची मडकी आणि धुण्याचे टपसुद्धा उचलून नेले. मागे ठेवला एक आरसा! नवऱ्याऐवजी मी मेले असते तर नवऱ्याच्या हातची मडकी कोणी नेली असती का, अशा अर्थाचं त्या बोलल्या. म्हणजे हे दुःख बाई म्हणून. पण त्याच भाषणात ट्रामचा कंडक्टर त्यांना गाडीत घेत नाही हेही होतं, आणि ते रंगामुळे. तुम्ही गोऱ्या बायका हक्कांबद्दल बोलता, मी अन्यायांबद्दल बोलते, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. या सगळ्या इतिहासातून मला एकच भाषण निवडायला सांगितलं तर मी हेच निवडेन.

पुढच्या तीन वर्षांत सगळं मोडलं. पंधराव्या घटनादुरुस्तीने मताच्या बाबतीत वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी आड येणार नाही असं म्हटलं, पण 'लिंग' हा शब्द त्यात नव्हता. स्टँटन आणि अँथनी संतापल्या. राग समजण्यासारखा होता, पण त्यापायी स्टँटन यांनी कृष्णवर्णीय आणि परदेशातून आलेल्या पुरुषांबद्दल जे लिहिलं ते आज वाचवत नाही. १८६९ च्या सभेत डग्लस यांचं म्हणणं होतं की आमच्या माणसांना घरातून ओढून दिव्याच्या खांबाला लटकवतात, आमची घाई जिवाची आहे. सभेतून कोणीतरी विचारलं, हे कृष्णवर्णीय बायकांच्या बाबतीतही खरं नाही का? खरं आहे, पण ती बाई आहे म्हणून नव्हे, कृष्णवर्णीय आहे म्हणून, असं डग्लस उत्तरले. हार्परही त्यांच्याच बाजूने गेल्या. मला विचाराल तर घाईबद्दल डग्लस बरोबर होते, पण त्यांचं हे उत्तर अपुरं होतं. चळवळीची दोन शकलं झाली, ती १८९० मध्ये सांधली गेली.

दुरुस्ती १८७० मध्ये लागू झाली. तीनच वर्षांनी आपल्या जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली, म्हणजे सेनेका फॉल्सच्याच वर्षी. त्यांच्या एकाच घरात बायकांचं आणि जातीच्या गुलामीविरुद्धचं, अशी दोन्ही कामं चालली होती.

आता अँथनींबद्दल. १८९५ मध्ये मताधिकार संघटनेचं अधिवेशन दक्षिणेत, अटलांटात होतं. गोऱ्या दक्षिणी बायका बिचकतील म्हणून अँथनींनी डग्लस यांना 'येऊ नका' असं कळवलं. अधिवेशनानंतर थोड्याच दिवसांत, २० फेब्रुवारीला, डग्लस वॉशिंग्टनमध्ये बायकांच्याच एका सभेला गेले, मानाने मंचावर बसले, घरी परतले आणि संध्याकाळी वारले.

त्याच वर्षी झुंडबळींविरुद्ध लिहिणाऱ्या आयडा बी. वेल्स अँथनींच्या रॉचेस्टरच्या घरी उतरल्या होत्या. अटलांटाची हकीकत खुद्द अँथनींनीच त्यांना सांगितली आणि विचारलं, माझं चुकलं का? वेल्स म्हणाल्या, हो, चुकलं. त्याच मुक्कामात अँथनींनी आपल्या लघुलेखिकेला वेल्स यांची पत्रं उतरवून घ्यायला सांगितलं होतं. कृष्णवर्णीय बाईचं मी लिहून घेणार नाही, असं ती म्हणाली. मग माझंही लिहायची गरज नाही, म्हणत अँथनींनी तिला तिथल्या तिथे घरी पाठवलं.