गीझरच्या व्हॉल्व्हला एम-सील लावलं कुणी?

पुण्याच्या एका वाचक ताईंचा प्रश्न: १४ महिन्यांपूर्वी दुकानातून २५ लिटरचा गीझर घेतला. दुकानाच्याच माणसाने बसवला. पाणी तापलं की खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळायचं. तक्रार केल्यावर तोच माणूस आला, गळणाऱ्या तोंडाला एम-सील लावून ३५० रुपये घेऊन गेला. गेल्या महिन्यात टाकी फुटली. फॉल्स सीलिंग पडलं, सासूबाईंचा हात भाजला. कंपनी म्हणते, 'व्हॉल्व्ह बंद केलात, वॉरंटी संपली.' दुकानदार म्हणतो, 'कंपनीला विचारा.' आता धरायचं कुणाला?

ताई, आधी मला सांगा, तो फुटका गीझर अजून घरात आहे ना? 'नवा देतो, जुना उचलतो' असं कुणी कितीही गोड बोललं तरी देऊ नका. उघडूही नका. एम-सील दिसेल असे फोटो काढा आणि व्हॉल्व्हसकट गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवा. तुमचा सगळा दावा त्या गोणपाटात आहे.

तुमचा व्हॉल्व्ह बिघडलेला नव्हताच. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापलं की साधारण अर्धा लिटर फुगतं. हा व्हॉल्व्ह पाण्याला मागे थंड पाण्याच्या नळात जाऊ देत नाही. दाब वाढला की जादा पाणी थेंबाथेंबाने बाहेर सोडतो. बसवणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं. त्याने ती एकुलती वाट बुजवली आणि वर पैसे घेतले.

दुकानदार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ८७ पुढे करेल: वस्तूत फेरफार झालेला असेल तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा (वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचा) दावा चालत नाही. त्याला त्याच्याच आधीचं कलम ८६ वाचायला सांगा. विक्रेत्यानेच फेरफार केला आणि मुख्यतः त्यामुळेच इजा झाली, तर जबाबदारी विक्रेत्याची. निर्मात्याच्या सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोचवल्या नाहीत आणि त्यामुळेच इजा झाली, तरीही त्याचीच. म्हणून आठवून पाहा, माहितीपुस्तिका तुमच्या हातात दिली होती की खोक्याबरोबर गेली? आणि ३५० रुपये यूपीआयने दिले असतील तर ती नोंद आजच जपून ठेवा. रोख दिले असतील तर त्या दिवशीचे फोन, व्हॉट्सॲप निरोप, सोसायटीच्या गेटवरच्या वहीतली नोंद, जे मिळेल ते.

कंपनीला सोडायचं का? एवढ्यात नाही. पाणी ठरल्या तापमानाला पोचलं की थर्मोस्टॅटने वीज तोडायची, तो अडकला तर थर्मल कट-आउटने. सासूबाईंना विचारा, टाकी फुटण्याआधी नळातून वाफ फुरफुरत होती का? तसं असेल तर ही दोन्ही साधनं निकामी झाली असण्याची शक्यता आहे, आणि मग उत्पादनातल्या दोषाबद्दल कलम ८४ खाली कंपनीलाही उत्तर द्यावं लागेल. खरं काय ते तपासणीत कळेल. कलम ३८ प्रमाणे ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागते. दोष कुणाचा हे तोवर ठरत नाही, म्हणून दुकानदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते) करा.

एक कडू गोष्ट. 'ते गळणं बंद करा' असं तुम्हीच म्हणाला असाल, तर लपवू नका. उलटतपासणीत निघतंच. गिऱ्हाईक गळतीची तक्रार करणारच. धोका ओळखून 'हे बुजवता येत नाही' म्हणणं हे जाणकाराचं काम. पण पुस्तिकेत 'तोंड बंद करू नये' असं ठळक छापलेलं असेल आणि ती तुमच्याकडे असेल, तर भरपाईला थोडी कात्री लागू शकते.

मागणी करताना दोन कप्पे ठेवा. या कायद्यात 'हानी' म्हणजे शारीरिक इजा आणि त्या वस्तूखेरीज इतर मालमत्तेचं नुकसान. सीलिंग, दवाखान्याचा खर्च, सासूबाईंचा मनस्ताप त्यात बसतं. खुद्द गीझरची किंमत त्यात बसत नाही. ती सदोष वस्तू व सेवेतली त्रुटी म्हणून वेगळी मागा. सासूबाई तुमच्या संमतीने गीझर वापरत होत्या, म्हणजे त्याही ग्राहकच. तक्रारदार म्हणून त्यांचंही नाव घाला.

आधी दोघांना स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस धाडा. मग पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे किंवा ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीची फी शून्य, मुदत घटनेपासून दोन वर्षं. वकील लागतोच असं नाही (हे वकिलानेच सांगावं लागतंय!). पोलिसांत जायचं तर निष्काळजीपणाचं कलम आहे, पण भरपाईचा सरळ रस्ता तो नाही.

नवा गीझर घ्याल तेव्हा व्हॉल्व्हच्या तोंडाला बारीक नळी जोडून ती मोरीच्या जाळीवर मोकळी सोडायला सांगा. आणि गळू द्या.