कंडोमचं सगळं ठाऊक आहे, पण त्याला सांगू कशी?

"मॅडम, माहिती सगळी आहे. तरी ऐनवेळी तोंडच उघडत नाही. माझ्यात आत्मविश्वासच नाही का?"

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुण मुली हे नेहमी विचारतात. ही पंचविशीतली, नोकरी करणारी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मित्र "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाला की ती गप्प व्हायची. मग इमर्जन्सी गोळी आणि पाळी येईपर्यंत घोर. त्या गोळीने लैंगिक आजार टळत नाहीत, हेही तिला ठाऊक होतं.

"आत्मविश्वास आहे का?" असं मोघम विचारून हाती काही लागत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं, की एखादी गोष्ट आपल्याला जमेल हा भरवसा त्या त्या कामापुरता असतो. म्हणून तो प्रसंग समोर ठेवून मोजायचा: 0 म्हणजे मुळीच जमणार नाही, 100 म्हणजे नक्की जमेल. कंडोम वापरण्याबाबतची अशी 28 विधानांची प्रश्नावली 1991 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी तयार झाली. विकत घेणं, नीट चढवणं, जोडीदाराला पटवणं, दारू प्यायल्यावरही भान ठेवणं, असं सगळं त्यात येतं. मी आपल्याकडचे प्रसंग घेऊन विचारते.

मेडिकलमधून आणणं? 80. एक्स्पायरी बघून, टोकातली हवा काढून चढवणं? 90. त्याचा मूड चांगला असताना सांगणं? 70. तो रुसला तर? पेन थांबलं. 20. आणि आधी कंडोमशिवाय झालेलं असताना आता आग्रह धरणं? 10.

कागदाकडे बघत ती म्हणाली, "म्हणजे मी दोनच ठिकाणी अडते."

पुढे जाण्याआधी मी विचारलं, "नाही म्हटलं तर तो हात उगारतो? जबरदस्ती करतो?" तसं नव्हतं. असतं, तर संवादाचा सराव बाजूला ठेवून आधी तिच्या सुरक्षिततेचं पाहिलं असतं. मार खाणाऱ्या बाईचा आकडा कमी आला तर तिला भित्री म्हणू नये. समोरचा धोका तिला बरोबर कळलेला असतो.

मग मी तिचा मित्र झाले आणि रुसले. तिची सुरुवात "सॉरी, पण…" अशी. सॉरी काढलं. तीन-चारदा घोळवून वाक्य तिचं तिनेच बसवलं: "विश्वास आहे म्हणूनच स्पष्ट सांगते. कंडोम नसेल तर मी तयार नाही." हे पलंगावर नाही, दिवसा चहा पिताना बोलायचं ठरलं. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत आणि गुप्त होते, 1097 या हेल्पलाइनवर शंका विचारता येतात, हेही सांगितलं.

पुढच्या भेटीत 20 चे 60 झाले होते. तो फुगून बसला, पण ती मागे हटली नाही. दुसऱ्या दिवशी चाचणीचं त्यानेच विचारलं. 10 मात्र जेमतेम 30 वर आलेत. सध्या आम्ही त्याच प्रसंगावर काम करतो आहोत, आणि यावेळी तो मित्रही सोबत येणार आहे.