घरी रेंज नाही म्हणून इंजिनिअरिंग सोडू नकोस

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर राहते. एसटी प्रवर्ग. बारावी सायन्स झाली, सीईटीही दिली. घरी रेंज नाही, टेकडीवर गेलं तर येते. ओटीपी वेळेत येत नाही. घरचे म्हणतात, प्रवेशाचं सगळं ऑनलाइन, तुला जमणार नाही, बीए कर. काय करू?

उत्तर : बीए आवडत असेल तर जरूर कर, पण रेंजपायी नको. कॅप म्हणजे इंजिनिअरिंगची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, तिला रोज नेट लागत नाही. नोंदणी, पर्याय अर्ज (कॉलेजांचा पसंतीक्रम देण्याचा अर्ज), मिळालेली जागा स्वीकारणं आणि पैसे भरणं, एवढ्या वेळी ते पक्कं हवं. त्या दिवशी धडगावला किंवा शहाद्याला जा.

घात होतो तो मोबाइल नंबरात. तुझ्या फोनवर ओटीपी येईना की सेवा केंद्रवाला 'माझा नंबर टाकतो' म्हणतो. टाकू देऊ नकोस. पुढे पासवर्ड बदलायचा ओटीपीही त्याच्याच फोनवर जातो आणि तुझा पर्याय अर्ज त्याच्या हातात राहतो. सिम घरचंच हवं, पण जिथे बसून फॉर्म भरणार तिथे चालणारं. जिओला टूजी नाही. एअरटेल, बीएसएनएलची टूजी रेंज असली तरी एसएमएस येतो, त्याला डेटा लागत नाही. फोन रेंजबाहेर असला की मेसेज कंपनीकडे थांबून राहतो आणि पोचेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते. म्हणून आधी एक कॉल लावून बघ, मगच ओटीपी मागव. सारखं 'रीसेंड' दाबू नकोस. नवा आला की बहुतेक ठिकाणी जुना बाद होतो.

कागदपत्रं घरीच तयार ठेव. मोबाइलने काढलेला फोटो सहज ३ एमबीचा असतो. १०० केबीपीएसच्या (सेकंदाला १०० किलोबिट) संथ नेटवर तो चढायला ४ मिनिटं लागतात आणि तेवढ्यात पान बंद पडतं. स्कॅनिंग ॲपने तोच कागद २०० केबीवर आणलास तर १६ सेकंद पुरतात. अक्षरं आणि शिक्का वाचता येतात ना, तेवढं मोठं करून पाहा. जात वैधता प्रमाणपत्र विसरू नकोस.

कागदपत्रांच्या छाननीचे दोन मार्ग असतात, ऑनलाइन ई-छाननी आणि प्रत्यक्ष छाननी. ई-छाननीत त्रुटी निघाली तर अर्ज ऑनलाइनच परत येतो, आणि पाड्यावर ते कळायलाच चार दिवस जातील. तू सुविधा केंद्रावर, म्हणजे कागदपत्रं तपासायला नेमलेल्या केंद्रावर जाऊन प्रत्यक्ष छाननी करून घे. चूक असली तर समोरच सांगतात.

गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ एकदाच उतरवून घे. घरी बसून कॉलेजं आणि त्यांचे चॉइस कोड (पर्याय अर्जात भरायचे क्रमांक) वहीत पसंतीक्रमाने लिही, गावात जाऊन फक्त भर. शेवटी 'कन्फर्म' केल्याशिवाय पर्याय अर्ज धरला जात नाही, हे पक्कं ध्यानात ठेव. वेळापत्रकातल्या तारखाही वहीतच लिही आणि प्रत्येक कामाला मुदतीच्या दोन दिवस आधी जा.

यूपीआयने पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नकोस. आधी लॉगिन करून शुल्काची स्थिती बघ. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा अर्जही ऑनलाइनच असतो. त्यालाही हेच सिम आणि ह्याच फायली वापर.