ओपन सोर्स प्रकल्पात एका ओळीची दुरुस्ती कशी पाठवायची?

प्रकल्प गिटहबवर (कोड ठेवायच्या वेबसाइटवर) असेल तर एवढ्यासाठी क्लोनसुद्धा, म्हणजे प्रकल्पाची प्रत आपल्या संगणकावर उतरवणंसुद्धा, करावं लागत नाही. फाइल उघडून पेन्सिलीच्या खुणेवर क्लिक करा. थेट बदलायचा अधिकार नसला की गिटहब तुमच्या खात्यात फोर्क, म्हणजे प्रकल्पाची तुमची स्वतःची प्रत, करून देतं. दुरुस्ती करा, कमिट करा (बदल नोंदवा), पुल रिक्वेस्ट उघडा, म्हणजे तो बदल मूळ प्रकल्पात घ्यायची विनंती करा.

खरी मेख पुढे आहे. त्याच रिक्वेस्टमध्ये जाता जाता केलेली इंडेंटेशनची (ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेची) सफाई घुसडू नका. तपासणाऱ्याला नेमका बदल शोधत बसावं लागतं आणि रिक्वेस्ट पडून राहते. आधी काय बिघडत होतं आणि आता काय होतं, हे दोन ओळींत लिहा, पुरे.

कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाइल असेल तर आधी वाचाच. काही ठिकाणी कमिटमध्ये साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ (हा बदल द्यायचा आपल्याला हक्क आहे, अशी नावानिशी ग्वाही) लागते, आणि लिनक्स कर्नलचे (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) पॅच, म्हणजे बदल, तर ईमेलनेच पाठवावे लागतात.