एमआरआय ‘जैसे थे’, मग एवढा थकवा कुठून?

प्रश्न : वय ३६, शाळेत शिकवते. चार वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचं आवरण झिजवणारा आजार) निदान झालं. नुकत्याच केलेल्या एमआरआयमध्ये नवा डाग नाही. तरी दुपारी पेपर तपासायला बसले की दहाव्या पेपरनंतर तीच ओळ तीनदा वाचावी लागते. घरचे म्हणतात, रिपोर्ट चांगला आलाय, हे मनाचे खेळ आहेत.

उत्तर : खेळ मनाचा नाही, मेंदूचा आहे. नेहमीच्या एमआरआयमध्ये मुख्यतः डाग (इजा झालेल्या जागा) पाहिले जातात, आणि डागांच्या संख्येशी थकव्याचं गणित फारसं जुळत नाही. मोजके डाग असूनही गळून गेलेले रुग्ण असतात, तसे पुष्कळ डाग असून दिवसभर कामात असलेलेही.

या थकव्याचा संबंध एका फेऱ्याशी जोडला जातो : कपाळामागचा मेंदूचा भाग, तिथून खोलवरचं बेसल गँग्लिया, मग थॅलॅमस आणि परत कपाळामागे. एखाद्या कामाला किती जोर लावायचा आणि तो लावणं परवडतं का, याचा हिशेब इथे होतो. एमएसमध्ये थॅलॅमस बराच लवकर आकसू लागतो, फेऱ्यातल्या तारांवरचं आवरण, म्हणजे मायलिनही झिजतं. १९९७ मधल्या पेट स्कॅनच्या अभ्यासात थकवा असलेल्या रुग्णांच्या कपाळामागच्या भागात आणि बेसल गँग्लियात साखरेचा वापर कमी दिसला होता. २००८ मध्ये रुग्णांना आणि निरोगी लोकांना चिन्हं-आकडे जुळवण्याचं एकच काम पुन्हा पुन्हा दिलं. निरोगी मेंदू सरावाने शांत होत गेला. रुग्णांचा उलट अधिकाधिक पेटत गेला. हमरस्ता खणलेला असला की गाडी गल्लीबोळांतून काढावी लागते. पोचते, पण पेट्रोल जास्त जाळून. दहाव्या पेपरला गुण तुम्ही बरोबरच देता, म्हणून बाहेरच्याला काही कळत नाही.

दुपारच्या उकाड्याचा वाटा वेगळा. मायलिन गेलेल्या तंतूत शरीराचं तापमान अर्धा अंश सेल्सियस वाढलं तरी संदेश अडू शकतो, कारण संदेश पुढे नेणारी तंतूवरची सोडियमची दारं उष्णतेत लवकर मिटतात आणि विजेचा जोर पुढच्या टप्प्यापर्यंत पुरत नाही. अंग गार झालं की गाडी पूर्ववत. नवी इजा होत नाही.

म्हणून पेपर सकाळी तपासा. २० मिनिटांनी, दमायच्या आधीच, पाच मिनिटं डोळे मिटून बसा. त्या पाच मिनिटांत मोबाइल पाहिला तर ती विश्रांती नव्हे. बसण्यापूर्वी गार पाणी प्या, मानेवर ओला पंचा ठेवा. कढत पाण्याने आंघोळ आणि लगेच गॅससमोर उभं राहणं, ही जोडी टाळा.

पण सगळं एमएसच्या माथी मारण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड) आणि बी-१२ तपासून घ्या. (कमतरता नसताना ‘ताकदीची’ म्हणून बी-१२ ची सुई घेण्यात अर्थ नाही.) रात्री लघवीला दोन-तीनदा उठावं लागतं का, घोरता का, मन उदास असतं का, हेही डॉक्टरांना सांगा. ताठरपणासाठी बॅक्लोफेन चालू असेल तर त्याचीही गुंगी येते. डोस मनाने न बदलता त्याची वेळ विचारा. व्यायाम सोडू नका. आठवड्यातून दोनदा अर्धा तास मध्यम वेगाने चालणं आणि दोनदा ताकदीचे व्यायाम, एवढं गाठायचं असतं. सुरुवात दहा मिनिटांपासून. थकव्याबरोबर नवा अशक्तपणा, बधिरपणा किंवा अंधुक दिसणं २४ तासांहून जास्त टिकलं, तर मात्र लगेच न्यूरॉलॉजिस्टना गाठा.

प्रश्न : पत्नीला एमएस आहे, वय २९. थकव्यावर मोडाफिनिल (जागं ठेवणारं औषध) सुरू करावं का?

उत्तर : सरसकट नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत १४१ रुग्णांना अमँटाडिन, मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट आणि नुसती दिखाऊ गोळी आळीपाळीने दिली. थकव्याचे गुण चारही वेळा उतरले. तिन्ही औषधं दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत, दुष्परिणाम मात्र जास्त झाले. ज्यांना दिवसा झोप अनावर होते त्यांना मोडाफिनिलचा थोडा उपयोग होत असावा, असं त्याच आकडेवारीतून दिसलं. तेव्हा पत्नीला झोप येते की झोप न येताच गळून जायला होतं, हे आधी नीट पाहा. गोळी ठरलीच तर सकाळी घ्यायची, नाहीतर रात्रीची झोप जाते. शिवाय मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो, आणि ते बंद केल्यावरही महिनाभर दुसरा उपाय वापरावा लागतो. दिवस राहण्याचा विचार असेल तर ते सुरूच करू नये.