आत्याचं ‘पोटाचं दुखणं’ आणि डॉक्टरांचा फॉर्म

प्रश्न: ताई, मी ३४ वर्षांची, मुलगी सहा वर्षांची. इथे नव्या डॉक्टरांकडे गेले तर ‘कुटुंबात कुणाला कॅन्सर?’ असा रकाना असलेला फॉर्म हातात दिला. माझी आत्या ४४व्या वर्षी गेली. घरात सगळे ‘पोटाचं काहीतरी होतं’ एवढंच म्हणतात. गेल्या महिन्यात तिच्या मुलीला, ३८व्या वर्षी, स्तनाचा कॅन्सर निघाला. आई म्हणते, हे सगळं बाबांकडचं, तुझं आजोळ ठणठणीत आहे, तू कशाला घोर लावून घेतेस? नवरा म्हणतो, घरबसल्या थुंकीवरून जनुकं तपासायचं किट मागवू आणि मोकळे होऊ. काय करू?

उत्तर: आईचं म्हणणं मायेपोटी आहे, पण चुकीचं आहे. स्तनाचा कॅन्सर बाईचा, म्हणून तो आईकडूनच येणार, असं निम्म्या घरांत धरून चालतात. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा वारसा बहुतेकदा ज्या दोन जनुकांतून येतो, त्यांतलं बीआरसीए१ १७व्या गुणसूत्रावर असतं, बीआरसीए२ १३व्यावर, आणि ही दोन्ही गुणसूत्रं आईइतकीच वडिलांकडूनही येतात. बाबा स्वतः ठणठणीत असूनही बिघडलेली प्रत तुमच्यापर्यंत पोचवू शकतात.

ही जनुकं सगळ्यांकडेच असतात. पेशीतला डीएनए तुटला की तो दुरुस्त करणं हे त्यांचं काम. प्रत्येकाकडे दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी काम निभावते. जन्मतःच एक प्रत बिघडलेली असेल तर एखाद्या पेशीत दुसरी बिघडायचा अवकाश, तिथली दुरुस्तीच बंद पडते. म्हणूनच अशा घरांत कॅन्सर बरेचदा पन्नाशीच्या आत दिसतो. दोन धक्क्यांची ही कल्पना आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरवरून मांडली होती.

आता आकडे, कारण अंदाजाने जीव जास्त घाबरतो. एकूण कॅन्सरपैकी शंभरात पाच ते दहाच असे वारशातून येतात. अमेरिकेत सर्वसाधारण बाईला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात सुमारे १३. बीआरसीए१ किंवा २ मध्ये घातक बदल असेल तर ती साठीच्या पुढे जाते. अंडाशयाचा कॅन्सर एरवी शंभरात एकीला, फार तर किंचित जास्त. बदल बीआरसीए१ मध्ये असेल तर शंभरात साधारण ४० ते ५८ जणींना, बीआरसीए२ मध्ये असेल तर १३ ते २९ जणींना. म्हणजे धोका खरोखर मोठा, तरी काही जणींना हा बदल असूनही कधीच कॅन्सर होत नाही.

आत्याचं ‘पोटाचं’ म्हणजे अंडाशयाचं होतं का, हे शोधून काढा. जुनी बायॉप्सी, डिस्चार्जचा कागद, काहीही चालेल. फॉर्मवर ‘आंट’ लिहून थांबू नका. आपल्याकडे आत्या आणि मावशी हे शब्दच बाजू सांगून टाकतात, तीच माहिती डॉक्टरांना हवी असते. काकू आणि मामी यांना मात्र या यादीतून वगळा, त्यांचं आपलं रक्ताचं नातं नाही. प्रत्येकीपुढे कुठला कॅन्सर आणि कितव्या वर्षी निघाला, तेही लिहा.

किटचा विचार तूर्त सोडा. अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळालेली पहिली घरगुती बीआरसीए चाचणी फक्त तीन बदल तपासायची, आणि ते प्रामुख्याने अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यू समाजात आढळणारे. या जनुकांत घातक बदल हजारोंनी आहेत. तीन नाहीत म्हणजे काहीच नाही, असं कसं म्हणणार?

खरी चाचणी आधी आतेबहिणीची व्हायला हवी. तिच्यात नेमका बदल सापडला, तर बाबांची आणि तुमची तपासणी तेवढ्यासाठीच करता येते, आणि ‘नाही’ आलं तर ते भरवशाचं असतं. तो आत्याकडूनच तिच्याकडे आला असेल, तर बाबांकडे असण्याची शक्यता अर्धी, तुमच्याकडे पाव. बाबांचं ‘नाही’ आलं तर तुमचा प्रश्न तिथेच संपला. ‘आहे’ आलं तर प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी त्यांनाही लक्ष ठेवावं लागेल.

तिला फोन करताना ‘माझ्यासाठी चाचणी कर’ असं म्हणू नका. ती आत्ता केमोच्या धास्तीत असेल. तिच्या डॉक्टरांना विचारायला सांगा, कारण बीआरसीएत बदल सापडला तर ओलापॅरिबसारखं औषध तिच्या उपचारात येऊ शकतं. चाचणीचा पहिला फायदा तिचा आहे.

तुमच्या चाचणीची वेळ आली तर आधी जेनेटिक काउन्सेलरला, म्हणजे अशा चाचण्यांचा अर्थ समजावून सांगणाऱ्या सल्लागाराला, भेटा. रिपोर्टवर कधी ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो, म्हणजे बदल सापडला, पण तो घातक आहे की नाही ते अजून ठरलेलं नाही. आपल्या लोकांच्या रिपोर्टात तो जास्त दिसतो, कारण आजवरची माहिती बरीचशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. त्या शेऱ्यावरून कुणी शस्त्रक्रिया सुचवली तर दुसरं मत घ्या. अमेरिकेत असाल तर आणखी एक: जनुक-चाचणीच्या निकालावरून भेदभाव होऊ नये म्हणून केलेला २००८चा कायदा नोकरी आणि आरोग्य विम्यात संरक्षण देतो, आयुर्विम्यात नाही. पॉलिसीचा विचार चाचणीआधी करा.

रिपोर्ट ‘आहे’ आला तरी हातात बरंच असतं. साधारण २५पासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय, ३०नंतर मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचा एक्स-रेही. बदल बीआरसीए१ मध्ये असेल तर मुलंबाळं झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशय आणि बीजवाहक नलिका काढण्याचा सल्ला देतात. ते जड वाटतं, पण अंडाशयाच्या कॅन्सरसाठी भरवशाची नियमित तपासणीच नाही. स्तन काढण्याची घाई नसते. काही जणी तो मार्ग घेतात, काही जणी तपासण्यांवर राहतात.

मुलीची चाचणी आत्ता नको. लहानपणी या बदलासाठी करण्यासारखं काहीच नसतं, म्हणून ती १८ची झाली की तिचं तिनेच ठरवायचं.